रेडिओ संच वाटून गावात काही बदलतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापूर जिल्ह्यात तुमची संस्था महिला बचत गटांबरोबर काम करते. एक देणगीदार प्रत्येक गटाला एक रेडिओ संच द्यायला तयार आहे. कार्यकारिणीतले काही जण म्हणतात, मोबाइलच्या जमान्यात रेडिओ कोण ऐकतं, पैसे वाया जातील. बाकीचे म्हणतात, रेडिओनं एके काळी गावं घडवली, आजही घडवेल. आणि तुम्ही विचारताय, रेडिओ ऐकून माणसाच्या जगण्यात खरंच काही फरक पडतो का, की ही नुसती जुन्या दिवसांची ओढ आहे?

नोकरीची बहुतेक वर्षं मी आकाशवाणीच्या शेती विभागात कार्यक्रम केले. निवृत्तीनंतर सामुदायिक रेडिओ चालवणाऱ्या संस्थांच्या मुलामुलींना हेच काम शिकवतो. फरक पडतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र तो कशानं पडतो हे नीट समजून घेतल्याशिवाय संच घेऊ नका. तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन : संच गावात पोचल्यावर त्याच्याभोवती कोण बसणार, किती वाजता बसणार, ऐकून झाल्यावर काय बोलणार आणि त्या बोलण्याला कुठून उत्तर मिळणार?

असं म्हणण्यामागं एक जुना आणि आपल्याच मातीतला आधार आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली आणि गावोगाव शेतकऱ्यांची श्रोता मंडळं उभी केली. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळानं एकत्र बसून ऐकायचं, लगेच चर्चा करायची आणि पटेल ते करून पाहायचं, असा शिरस्ता होता. चर्चा चालवायला एक जण, टिपून घ्यायला दुसरा. गावांचे प्रश्न केंद्राकडे जायचे आणि त्यांना कार्यक्रमातून उत्तरं मिळायची. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळं चालत होती, कल्पना तिथली. पण तिकडचा शेतकरी लिहिता-वाचता होता, त्याच्या हातात आधी छापील पत्रक पडायचं. आपल्याकडे सगळी भिस्त कानावर होती.

या प्रयोगाचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून पॉल न्यूराथ यांनी केलं. मला त्यातला सगळ्यांत मोलाचा भाग तुलनेचा वाटतो. मंडळं असलेल्या गावांशेजारी त्यांनी आणखी दोन प्रकारची गावं तपासली : नुसता रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. मंडळांच्या गावात लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावात वाढ झाली, पण अगदीच थोडी. म्हणजे कार्यक्रम तेच, आवाज तोच, वेळ तीच, आणि परिणामात एवढी तफावत. शिवाय मंडळं नुसती ऐकून थांबली नाहीत. कुठं विहीर खोदली गेली, कुठं जातिवंत वळू आणला, कुठं लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, कुठं बालवाडी सुरू झाली. ऐकायला जमलेली माणसं हळूहळू ठरवायला बसू लागली होती.

तुमच्या कार्यकारिणीच्या भांडणाचं उत्तर इथंच आहे. रेडिओनं गावं घडवली म्हणणारे या मंडळांबद्दल बोलत असतील तर ते बरोबर आहेत. नुसत्या संचावर काही होणार नाही म्हणणारेही बरोबर आहेत. १९५९ पासून ही योजना देशभर नेली गेली आणि मंडळांची संख्या हजारांत गेली. पण संख्या वाढली तशी मंडळामागची माणसं विरळ होत गेली. संच बिघडला की दुरुस्त कोण करणार, सेल कोण आणणार, चर्चेची वही कोण ठेवणार, याचं उत्तर नसलेल्या गावात ते मंडळ टिकत नाही. हे मी पुढच्या काळात फिरताना अनेकदा पाहिलं.

आता मुळात एकत्र ऐकण्यानं एवढा फरक का पडतो, ते सांगतो. एका वाडीतलं उदाहरण घ्या. दुष्काळी पट्टा, बायकांचा गट, घरटी एक-दोन म्हशी. त्या दिवशी कार्यक्रम लाळ्या-खुरकूताच्या लसीवर होता. संच अंगणवाडीच्या उंबऱ्यावर ठेवलेला. कार्यक्रम संपला, एकीनं कान पिळून संच बंद केला आणि बराच वेळ कोणी बोललं नाही. नवीन माणूस इथंच गडबडतो आणि स्वतः भाषण सुरू करतो. थांबायचं असतं. शेवटी गटातल्या सगळ्यांत थोरल्या बाई बोलल्या, ‘‘लस टोचली की म्हस आटतीया. गेल्या साली आमची आटली.’’ त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची सून हळूच म्हणाली, ‘‘पर आत्या, रेडिओवरचं डाक्टर म्हणलं, दोन-तीन दिस कमी येतं, मग भरून येतं.’’ आत्याबाईंचं उत्तर तयार होतं : ‘‘त्यांच्या म्हशीचं नसंल गेलं दूध.’’ सगळ्या हसल्या. मग तिसरी म्हणाली, ‘‘आत्या, गेल्या साली त्याच वक्ताला तुमची वैरण संपली हुती. माझ्याकडनंच कडबा नेला हुता न्हवं?’’

पुढचा अर्धा तास दूध, कडबा, लस आणि गेल्या उन्हाळ्याचा हिशेब निघाला. कोणी आत्याबाईंना खोटं पाडलं नाही, पण लस आणि आटलेलं दूध यांची गाठ सैल झाली. शेवटी ठरलं काय, तर सगळ्यांनी एकाच दिवशी जनावरं एका जागी बांधायची आणि दवाखान्याला गटाच्या नावानं निरोप द्यायचा. एकटीनं निरोप दिला की ‘येतो, बघतो’ होतं. सगळ्या वाडीचा निरोप गेला की डॉक्टरांनाही एका फेरीत काम उरकतं. एक प्रश्न मात्र राहिला : गाभण म्हशीचं काय करायचं? तो वहीत लिहून केंद्राकडे आला. पुढच्या आठवड्यात पशुवैद्यकांनी त्या वाडीचं नाव घेऊन उत्तर दिलं. त्यानंतरच्या बैठकीला, आधी कधीच न आलेल्या बायका आल्या.

यात रेडिओनं नक्की काय केलं? माहिती दिली, ती तर गावात पशुधन पर्यवेक्षकही देत होताच. रेडिओनं त्या सगळ्यांना एकच गोष्ट एकाच वेळी ऐकवली. त्यामुळं सुनेला सासूसमोर ‘मी म्हणते’ असं म्हणावं लागलं नाही. ‘रेडिओवरचे डॉक्टर म्हणले’ एवढं पुरलं. आणि शेजारणीनंही तेच ऐकलंय हे प्रत्येकीला माहीत होतं. खेड्यात माणूस पुष्कळदा स्वतःच्या मतामुळं अडत नाही, ‘लोक काय म्हणतील’ इथं अडतो. सगळ्यांनी मिळून ऐकलं की लोक काय म्हणतील हे समोरच कळतं.

याची सगळ्यांत काटेकोर तपासणी मी वाचली आहे ती रवांडातली. त्या देशात १९९४च्या नरसंहारात आरटीएलएम नावाच्या रेडिओ केंद्रानं उघडपणे माणसं मारायला चिथावणी दिली. रेडिओच्या ताकदीबद्दल प्रेमानं बोलणाऱ्या माझ्यासारख्यानं ही गोष्ट कधी विसरू नये. एकत्र ऐकण्यातली हीच शक्ती उलट्या दिशेलाही तितकीच चालते. त्याच देशात पुढं समेटावर ‘मुसेकेवेया’ नावाची रेडिओ मालिका सुरू झाली. एलिझाबेथ लेव्ही पालक या संशोधिकेनं काही वस्त्यांना वर्षभर ती मालिका गटानं ऐकवली आणि तशाच दुसऱ्या वस्त्यांना आरोग्यावरची मालिका. वर्षाअखेर लोकांची मनातली मतं फारशी बदललेली नव्हती. बदलली होती ती आपल्या समाजात काय चालतं, काय शोभतं याची समजूत, आणि काही प्रमाणात वागणूक.

त्यातला एक प्रसंग तुमच्या कामाचा आहे. अभ्यास संपताना प्रत्येक वस्तीला एक टेपरेकॉर्डर आणि मालिकेच्या कॅसेट भेट दिल्या आणि तो कोणी कसा सांभाळायचा हे लोकांवर सोडलं. आरोग्याची मालिका ऐकलेल्या वस्त्यांत कल असा होता की तो तिथल्या अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावा. समेटाची मालिका ऐकलेल्या वस्त्यांत त्यावर चर्चा झाली, मतभेद बोलले गेले आणि आपण सगळे मिळून सांभाळू असा सूर निघाला. तुमचा संच गटाच्या अध्यक्षबाईंच्या कपाटात जाणार की फिरता राहणार, हा प्रश्न म्हणून मला किरकोळ वाटत नाही. तो गटानं पहिल्याच बैठकीत, मोठ्यानं बोलून ठरवू द्या.

भारतातलंही एक उदाहरण सांगतो. १९९६-९७ मध्ये आकाशवाणीवर हिंदी पट्ट्यात ‘तिनका तिनका सुख’ ही मालिका लागायची. उत्तर प्रदेशातल्या लुत्सान गावातून एक मोठं पत्र आलं. हुंडा घेणार नाही, देणार नाही असं लिहून खाली १८४ जणांच्या सह्या-अंगठे होते. अभ्यासक त्या गावात जाऊन राहिले तेव्हा त्यांना दोन्ही बाजू दिसल्या. लोक मालिकेवर एकत्र बोलत होते, मुलींना शाळेत पाठवण्याबद्दल मतं हलली होती, काही नवे उपक्रम सुरू झाले होते. पण बोलणं एक आणि वागणं दुसरं, हेही तिथंच होतं. सही केली म्हणून हुंडा एका वर्षात गेला नाही. देणगीदाराला अहवाल लिहिताना हे लक्षात ठेवा. सह्यांचा कागद हा सुरुवातीचा पुरावा आहे.

काही लोक अशा वेळी गीतरामायणाचं उदाहरण देतात. ते १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून वर्षभर दर आठवड्याला प्रसारित झालं, आणि त्यासाठी लोक रेडिओपुढं जमत हे खरंच. पण रामकथेवर लोकांचं प्रेम आधीच होतं. नवं पटवून देणं, जुनी सवय सोडवणं हे वेगळं काम आहे, आणि तुम्हाला ते करायचंय.

आणखी एक अट आहे, तिच्यावर मी शिकवताना सगळ्यांत जास्त वेळ घालवतो. रेडिओ माणसाला दारापर्यंत आणतो. दाराआत माल असावा लागतो. १९६०च्या दशकात तमिळनाडूतल्या तंजावर भागात एडीटी २७ हे भाताचं वाण आकाशवाणीच्या प्रचारामुळं इतकं पसरलं की शेतकरी त्याला ‘रेडिओ भात’ म्हणू लागले. प्रचार होता तसंच बियाणंही मिळत होतं. उलट, कार्यक्रमात आम्ही एखादी योजना सांगायची, बाई काम बुडवून तालुक्याला जायची आणि तिथं तिला ‘असं काही आलेलं नाही’ ऐकावं लागायचं, असंही पाहिलं आहे. ती बाई पुन्हा रेडिओवर विश्वास ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून तुमच्या गटांना ज्या विषयावर ऐकवायचंय त्या विषयाची पुढची कडी आधी बांधा. पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोला, बँकेच्या शाखेशी बोला, आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांशी बोला.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण इथंच तुमचे पैसे वाचतील किंवा बुडतील.

पहिलं म्हणजे गावात ऐकू काय येतं? सोलापूरला आकाशवाणीचं स्वतःचं केंद्र आहे, पण प्रत्येक वाडीत ते सारखं येईल असं नाही. एफएमची लहर साधारण सरळ रेषेत जाते, मध्ये टेकडी आली की अडते. मध्यम लहर, म्हणजे मीडियम वेव्ह, जमिनीला धरून लांब जाते, पण आता घरोघरी असलेले स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर तिच्यात खरखर घालतात. शिवाय देशात मध्यम लहरींचे अनेक जुने प्रक्षेपक बंद झाले आहेत, त्यामुळं वडीलधाऱ्यांच्या आठवणीवर विसंबू नका. एक साधा संच घेऊन ज्या वेळी गट बसणार त्याच वेळी त्या जागी जा आणि ऐका. मध्यम लहरीचं केंद्र असेल तर संच हळूहळू गोल फिरवून बघा. आत फेराइटची दांडी असते, ती केंद्राशी आडवी आली की आवाज भरतो आणि टोक केंद्राकडे गेलं की बसतो. मोबाइल चार्जिंगला लावलेला असेल तर तो दूर न्या. एवढ्यानं निम्म्या तक्रारी जातात.

जिल्ह्याच्या पश्चिम कडेच्या गावांसाठी आणखी एक शक्यता आहे. शेजारच्या माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी हा सामुदायिक रेडिओ चालतो. सामुदायिक केंद्रांना शंभर वॅटची मर्यादा असते, त्यामुळं आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतच नीट पोचतो. तुमचं एखादं गाव त्या टप्प्यात असेल तर तिथून सुरुवात करा. अशा केंद्रावर बोलणारी माणसं आसपासच्या गावांतली असतात. आपल्यासारखी बोलणारी बाई रेडिओवर ऐकली की ऐकणारीचा संकोच कसा गळतो, ते शब्दांत सांगणं अवघड आहे. तेलंगणात झहीराबादजवळ माचनूरला दलित शेतकरी बायका २००८ पासून संघम रेडिओ चालवतात, तिथलं बळही हेच आहे.

दुसरं, वेळ. शेतीचे कार्यक्रम बहुतेक संध्याकाळी असतात आणि ती धारा काढायची, चूल पेटवायची वेळ. पुरुषांची मंडळं त्या वेळी सहज जमली, बायकांची जमत नाहीत. दुपारचे कार्यक्रम बायकांना सोयीचे, पण खुरपणी-काढणीच्या दिवसांत दुपारी वाडीत चिटपाखरू नसतं. म्हणून गटाच्या बचतीच्या बैठकीला ऐकणं जोडा. बैठक आधीच ठरलेली असते, हप्त्यासाठी सगळ्या येतातच. थेट प्रसारणाची वेळ जुळत नसेल तर कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ऐकवा. काही बिघडत नाही. एकत्र ऐकणं महत्त्वाचं, थेट ऐकणं नव्हे.

यावरून मोबाइलचा मुद्दा. मोबाइलवर आकाशवाणीचं ॲप चालतं, तेव्हा संचच हवा असा माझा हट्ट नाही. पण घरातला चांगला फोन बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो, तो गटाच्या वेळी मिळेलच असं नाही. आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली ध्वनिफीत प्रत्येक जण आपापल्या वेळी, अर्धीमुर्धी ऐकतो. शेजारणीनं ऐकली की नाही हे कळत नाही, म्हणजे वर सांगितलेली मुख्य गोष्टच जाते. फोनचा खरा उपयोग परतीच्या वाटेसाठी करा. पूर्वी पोस्टकार्ड लिहायला कोणीतरी शिकलेलं लागायचं. आता गटातली कोणीही बाई आपल्या आवाजात प्रश्न बोलून पाठवू शकते. आम्हाला त्या काळी ही सोय असती तर आमचे कार्यक्रम कितीतरी सुधारले असते.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचा एक भाग अजून राहिला, आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. सगळंच ऐकणं गटातलं नसतं. एकटीनं शेंगा फोडताना, ज्वारी निवडताना, रात्रीच्या राखणीला, दृष्टी गेलेल्या म्हातारपणात माणसं रेडिओ लावतात. रेडिओ हात आणि डोळे मोकळे ठेवतो, म्हणून तो कामाच्या माणसाचा. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्यांवर कितीतरी घरांचं घड्याळ चाललं : बातम्या लागल्या की मुलांचे डबे झालेले असायला हवेत. आपल्याशी बोलणारा एक ओळखीचा आवाज रोज ठरल्या वेळी येतो, याचा एकट्या माणसाला किती आधार असतो हे मी श्रोत्यांच्या पत्रांत वाचलंय. कित्येक पत्रांत प्रश्न नसायचाच. सून बाळंतपणाला गेली, पाऊस झाला, गाय व्याली, एवढंच. हा परिणाम कुठल्या तक्त्यात बसत नाही, पण तो आहे. गटाचा संच आठवड्यातले बाकीचे दिवस पाळीपाळीनं घरोघरी जाऊ द्या, आणि पाळी एकट्या राहणाऱ्या म्हातारीपासून सुरू करा.

संच घेताना रिचार्ज होणारा, साधा, मोठ्या बटणांचा, पेनड्राइव्ह लावता येणारा घ्या. देणगीतला मोठा वाटा मात्र संचावर घालवू नका. सगळ्या गटांना एकदम वाटण्याऐवजी ऐकू नीट येणारी मोजकी गावं निवडा आणि उरलेले पैसे दोन माणसांवर खर्च करा : एक गटोगट जाऊन चर्चा चालवायला शिकवणारी, दुसरी प्रश्न गोळा करून केंद्राशी संपर्क ठेवणारी. ही दुसरी व्यक्ती केंद्रातल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी जाऊन भेटू द्या. आमच्या गटांचे प्रश्न येतील, तुम्ही गावाचं नाव घेऊन उत्तर द्याल का, एवढंच विचारायचं. मी त्या खुर्चीत असताना असं कोणी आलं की मला आनंदच व्हायचा. बंद खोलीत माइकपुढं बोलणाऱ्याला आपलं कोण ऐकतंय हे क्वचितच कळतं.

एक हंगाम, म्हणजे पेरणीपासून काढणीपर्यंत, एवढं करून बघा. वही पाहा. वहीत नुसत्या हजेऱ्या असतील तर बाकीच्या गावांना संच देऊ नका. वाद, प्रश्न आणि ‘अमुक करायचं ठरलं’ अशा नोंदी असतील तर देणगीदाराला त्याच वहीची पानं दाखवा आणि पुढच्या गावांचं बोलणं करा.